पडलेला चिमटा

मागच्या महिन्यात अक्काचा निरोप आला, "दोन दिवस येऊन जा. पोरीचं काय करायचं ते तूच सांग." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला वळसंगला दिली आहे. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याने एस.टी.त बसले की तासाच्या आत गाव येते. असा निरोप आल्यावर पोटात गोळा येणारच. घरात लग्नाच्या वयाची मुलगी म्हणजे मनात नको नको ते येते. मी दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि गाडी धरली.

जाऊन पाहते तो प्रकरण निराळेच! माझी भाची सोलापूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. सकाळी गाडीने जाते, दिवेलागणीला परत येते. अक्काच्या घरी नऊ महिन्यांचा नातू आहे. आठ दिवसांपूर्वी त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आणि नेमका त्याच सकाळी भाचीचा कॉलेजातला पांढरा ॲप्रन बाळाच्या दुपट्यांच्या बादलीत भिजत पडलेला अक्काला दिसला होता. झाले! जंतूंच्या कॉलेजातला कपडा, बाळाची बादली आणि बाळाचे दुखणे. अक्काने तिन्हीची गाठ मारून टाकली.

"आता कॉलेज बंद," अक्काने मला दारातच सांगितले. "आणखी काय काय घरी आणायची वाट बघू? परवा एक स्थळ पण आलंय की."

भाची कोपऱ्यात बसून होती. डोळे सुजलेले. बाळ तोवर सावरले होते. सुनेच्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या ओढत होते. डॉक्टरांनी क्षारसंजीवनीची पुडी आणि जस्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, एवढ्यावर ते उभारीला आले. पण अक्काच्या मनातली गाठ काही सुटली नव्हती.

मी भाचीला विचारले, "तू टाकलास का ग ॲप्रन त्या बादलीत?"

ती म्हणाली, "टाकला, मावशी. उशीर झाला होता, समोर बादली दिसली, टाकला. आणि खरं सांगू? आदल्या दिवशी डब्याच्या पिशवीतच कोंबून आणला होता. आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलंय, ॲप्रन वेगळ्या पिशवीत, वेगळा धुवायचा. माझं चुकलं. पण बाळ त्यानंच आजारी पडलं का, ते मला नाही सांगता येत. नाही असंही म्हणवत नाही नि हो असंही म्हणवत नाही."

मैत्रिणींनो, मला तिचे हे बोलणे फार आवडले. आपण बायका "माझं चुकलं" एक तर रडत म्हणतो, नाही तर म्हणतच नाही. हिने चूक कबूल केली, पण जे ठाऊक नाही ते कबूल केले नाही. शिक्षणाचा एवढा जरी उपयोग झाला तरी फीचे पैसे वसूल झाले म्हणायचे!

रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही अंगणात बसलो. भाची म्हणाली, "आमच्या सरांनी पहिल्या तासाला एक गोष्ट सांगितली होती, ती ऐक. आई, तू पण ऐक."

मुंबईची बाटली, पंजाबातला चिमटा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. प्लेगात माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले असेल. त्या साली वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईला आले. जन्म ओडेसाचा, काम शिकले पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत. पटकीची लस त्यांनी आधीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पुढे ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज तिला आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. हे नाव १९२५ साली दिले गेले.

लाखो लोकांना ही लस टोचली गेली. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मालकोवाल गावी घात झाला. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली होती. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले, त्या सगळ्यांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस जण गेले. बाकीच्या चार बाटल्यांवाल्यांना काही झाले नाही.

बाटली मुंबईहून आलेली, तेव्हा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा, असे सरकारी चौकशीने ठरवून टाकले. हाफकिन यांना पदावरून जावे लागले. पण चौकशीच्याच कागदांत एक लहानशी नोंद होती. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. नियम असा, की असा चिमटा ज्योतीत धरून भाजून घ्यायचा. त्याने तो कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात, कवच धरून बसतात. असल्या बुचकळण्याने ते मरत नाहीत. मुंबईच्या बाटलीत आधीपासून काही असल्याचा पुरावा मात्र नव्हता. शेवटी इंग्लंडातल्या तज्ज्ञांनी कागद पुन्हा तपासले, रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ साली त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. पाच वर्षे एका माणसाने न केलेल्या चुकीचे ओझे वाहिले.

गोष्ट संपली तेव्हा अक्का काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "त्या चिमटेवाल्याला काय ठाऊक! चिमटा त्याला स्वच्छच दिसला असंल की."

"तेच ना आई," भाची म्हणाली. "दिसत नाही, म्हणून तर नियम."

मला वाटते सगळ्या सूक्ष्मजीवशास्त्राचे आणि निम्म्या संसाराचे सार या वाक्यात आले. साप दिसला तर नियम लागत नाही. माणूस आपसूक उडी मारतो. जे दिसत नाही त्याच्यासाठी हाताला सवय लावावी लागते, आणि ती घाई असताना, उशीर झाला असताना, काही बिघडलेले दिसत नसतानाही पाळावी लागते.

हे जंतू आहेत तरी कोण?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाचीची वही घेऊन बसले. तिने समजावले ते तुमच्यासाठी आपल्या भाषेत सांगते.

डोळ्याला न दिसणारे जीव पुष्कळ प्रकारचे. आपला रोजचा संबंध तिघांशी. पहिले जीवाणू. इतके बारीक, की खसखशीच्या एका दाण्याच्या रुंदीत पाचशे ते हजार जण रांगेत उभे राहतील. यांच्यात चांगलेही आहेत. दह्याचे विरजण म्हणजे दुसरे काय? कोमट दुधात तुम्ही रोज रात्री जीवाणू पेरता आणि सकाळी त्यांची शेती कापता! इडलीचे पीठ फुगते तेही यांच्याच कृपेने.

दुसरे विषाणू. हे जीवाणूंपेक्षाही कितीतरी बारीक आणि परावलंबी. जिवंत पेशीत शिरल्याशिवाय यांची वाढ नाही. सर्दी, गोवर, बाळांचे पुष्कळसे जुलाब हे विषाणूंचे काम. म्हणून प्रत्येक सर्दी-जुलाबाला घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. त्या जीवाणूंसाठी असतात, विषाणूंवर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

तिसरी बुरशी. पावसाळ्यात पापडावर, लोणच्यावर दिसते ती. आपल्या सोलापूरकडे शेंगदाण्याच्या चटणीवाचून भाकरी उतरत नाही, तेव्हा हे नीट ऐका. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्याला एक बुरशी लागते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. लिव्हरला ते घातक आहे. भाजल्याने ते पुरते जात नाही. हिरवट-काळा पडलेला, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा निवडून फेकून द्या. "चटणीत खपून जाईल" म्हणू नका.

आता वाढीचा हिशेब ऐका. ऊब, ओल आणि खाणे मिळाले, की काही जीवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्री अकराला ओट्यावर उघडे राहिलेले वरण सकाळी सहाला पाहा. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे वीस लाख! आणि चवीत, वासात फरक कळेलच असे नाही. म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत थंडाव्याला ठेवायचे आणि खाताना वाफ येईपर्यंत गरम करायचे. भाताची विशेष काळजी घ्या. भातातला एक जंतू शिजतानाही कवच धरून वाचतो आणि भात उबेला राहिला की पुन्हा वाढतो. त्याने सोडलेले विष मग फोडणीच्या भातातही टिकते.

कवच धरणाऱ्या अशा जंतूंना मारायला प्रयोगशाळेत एक बंद भांडे असते. त्यात वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटे सामान ठेवतात. भाचीने वहीत त्याचे चित्र काढले होते. अक्का वाकून म्हणाली, "अगं, हा तर आपला कुकर!" खरेच की. पूर्ण वाफ धरलेल्या कुकरात साधारण १२० अंश होतात. उघड्या पातेल्यात पाणी १०० च्या वर जात नाही. पिण्याच्या पाण्याला मिनिटभर खळखळून उकळी पुरे, पण कवचवाले जंतू त्याला दाद देत नाहीत.

आणखी एक गंमत. काचेच्या बशीत जंतू वाढवायला जो घट्ट लगदा लागतो, तो स्वयंपाकघरातून आला आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी बटाट्याच्या चकत्या वापरत, मग जिलेटिन. पण ते उन्हाळ्यात वितळायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांची पत्नी फॅनी हिने १८८१ साली सुचवले, की मी जेलीत अगर-अगर घालते, ते उन्हाळ्यातही घट्ट राहते. तेच वापरून पाहा. अगर-अगर म्हणजे आपले चायना ग्रास, ज्याचे आपण दुधाचे पुडिंग करतो. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तेच वापरतात. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा या सख्ख्या बहिणी आहेत, बरे का!

हळदीचा प्रयोग

मी भाचीला म्हटले, "मग घरीच चायना ग्रास करून आईला जंतू वाढवून दाखव ना!" ती एकदम गंभीर झाली. "नाही मावशी. घरात जंतू वाढवायचे नाहीत. बशीत कोणते वाढतील ते सांगता येत नाही, आणि वाढल्यावर त्यांची विल्हेवाट लावायची सोय घरी नसते." पण तिने दुसरी युक्ती केली. तुम्हीही करून पाहा. काही धोका नाही.

तिने चमचाभर हळद तेलात कालवून अक्काच्या उजव्या तळव्याला चोळली. म्हणाली, "हे जंतू समज. आता पाव तास तुझं रोजचं काम कर." अक्काने वांगी चिरली, पाणी घेतले, मीठ घातले, मधे सवयीने फडक्याला हात पुसला. सून बाळाचे दूध करीत होती.

मग भाचीने जुन्या धोतराचे तुकडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात भिजवले आणि एकेक वस्तू पुसायला सुरुवात केली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पांढऱ्या कपड्यावरचा आमटीचा डाग धुणाऱ्या बाईला सांगायला नको. माठाचे झाकण पुसले, लाल. ओगराळ्याचा दांडा, लाल. मिठाच्या बरणीचे झाकण, गॅसची कळ, लाल. शेवटी बाळाच्या दुधाच्या बाटलीचे झाकण पुसले. लाल!

"मी हात पण लावला नाही बाटलीला!" अक्का म्हणाली.

"तू नाही लावलास. वहिनीनं धुऊन पुसली. पण कशानं पुसली? त्याच फडक्यानं."

सून बिचारी कावरीबावरी झाली. भाची लगेच म्हणाली, "वहिनी, तुझा दोष नाही ग. एक जण शोधून काढायचा आणि त्याच्या माथी मारायचं, असं नाही करायचं. वाट शोधायची आणि बंद करायची."

मग तिने अक्काला हात नुसत्या पाण्याने धुवायला सांगितला आणि साबणाच्या तुकड्याने पुसला. तरी लाल! साबण लावून, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे घासून धुतल्यावर मात्र तुकडा जवळजवळ पांढरा राहिला. अक्का कितीतरी वेळ तो हातात धरून बसली होती.

एवढ्यात अक्काच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "आमच्या वेळी सोवळं होतं. म्हणून ही थेरं लागत नव्हती."

सासूबाईंचा मान ठेवून मी गप्प बसले. पण तुमच्याशी बोलायला हरकत नाही. ओल्या वस्त्राने स्वयंपाक करणे, उष्टे-खरकटे न मिसळणे यांत काही चांगल्या सवयी होत्या. पण सोवळ्याने जंतूंपेक्षा माणसेच जास्त लांब ठेवली. याच वळसंगात पाण्यासाठी दलित मंडळींना स्वतःची विहीर खोदावी लागली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पाणी कोणाच्या जातीने बाटत नाही. न धुतलेल्या हाताने बाटते, मग तो हात कोणाचाही असो. जंतूंना आडनाव कळत नाही.

भाचीच्या वहीतले नियम, आपल्या घरासाठी

वहीच्या पहिल्या पानावर प्रयोगशाळेचे नियम होते. वाचता वाचता मला आपले स्वयंपाकघर दिसू लागले. प्रत्येकाला आपल्याकडची जोड लावून देत आहे.

१. प्रयोगशाळेत खायचे-प्यायचे नाही, पेन तोंडात धरायचे नाही. आपल्याकडे: फिनेल, उंदराचे औषध, ढेकणाचे औषध खाण्याच्या वस्तूंच्या फळीवर नको. मटण-मासळी चिरायची पाटी वेगळी. त्यावर कोशिंबीर चिरू नका.

२. केस बांधायचे, ओढणी खोचायची. तिथे बर्नर, इथे गॅस. नायलॉनच्या साडीचा पदर लोंबू देऊ नका. सुती नेसून पदर खोचलेला बरा.

३. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. आपल्याकडे ॲसिड, फिनेल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरायची वाईट खोड आहे. तहानलेले मूल बाटली पाहते, वास पाहत नाही. मूळ डब्यातच ठेवा आणि उंचावर ठेवा.

४. दोन रसायने मनाने मिसळायची नाहीत. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. क्लोरीनचा विषारी वायू सुटतो आणि बंद मोरीत श्वास कोंडतो. "दोन्ही घातले की जास्त स्वच्छ" हा समज सोडा. ॲसिड पातळ करायचेच झाले तर पाण्यात ॲसिड हळूहळू घालावे, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

५. काचेच्या नळीने द्रव तोंडाने ओढायचा नाही. पूर्वी प्रयोगशाळांतूनही असे ओढत आणि त्यापायी माणसे आजारी पडत. आपल्याकडे रॉकेल किंवा पेट्रोल नळीने तोंडाने ओढतात. फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

६. सांडले तर लपवायचे नाही, लगेच पुसायचेही नाही. आधी वर कागद किंवा फडके टाकायचे, त्यावर जंतुनाशक ओतायचे, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, मग हातमोजे घालून उचलायचे. घरात उलटी-जुलाबाची घाण काढताना ब्लीचिंगच्या पाण्याने असेच करा. नुसते फडके फिरवले तर घाण पुसली जात नाही, पसरते.

७. जमिनीवर पडलेली वस्तू अस्वच्छ समजायची, जमीन कितीही चकचकीत असो. बाळाचा चमचा पडला की पदराला पुसून पुन्हा तोंडात घालतो ना आपण? तोच मालकोवालचा चिमटा.

८. ॲप्रन तिथला तिथे. घरी आणणे भागच असेल तर बाहेरची बाजू आत गुंडाळून वेगळ्या पिशवीत आणावा. गरम पाण्यात साबणचुऱ्यात एकटा भिजवावा, उन्हात वाळवावा, कडक इस्त्री करावी. ज्यांच्या घरी कोणी दवाखान्यात, गोठ्यात किंवा पोल्ट्रीवर काम करते, त्यांनी कामाच्या कपड्यांना हाच नियम लावावा.

बाळाच्या जुलाबात

हे वेगळे कापून कपाटाच्या दाराला लावा. जुलाबात बाळ दगावते ते बहुधा अंगातले पाणी गेल्याने. क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवा, अंदाजाने नको. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त अजिबात नको. चमच्या-चमच्याने पाजत राहा, चोवीस तासांनी उरलेले फेकून नवे करा. अंगावरचे दूध बंद करू नका. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, जुलाब थांबले तरी पुऱ्या करा. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले, पाणी पोटात ठरेना किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा केव्हाही बरा, कारण तो घासता येतो. बाटलीच्या बुचातली खाच कोण घासते?

आता अक्काकडे परत येऊ. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्का शिवणयंत्र काढून बसली. विटलेल्या सोलापुरी चादरीचा धडका तुकडा घेतला, वर नाडी घालून पिशवी शिवली. "ॲप्रनला," एवढेच म्हणाली. सोप्यातल्या बाहेरच्या खुंटीला ती अडकवली आणि भाचीला बजावले, "डब्याच्या पिशवीत परत घातलास तर बघ!" कॉलेज बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. स्थळाकडे काय कळवले म्हणून मी विचारले, तेव्हा म्हणाली, "पदवी होऊ दे म्हणून सांगितलं. घाई कुणाला आहे?" जशी काही घाई माझीच होती!

बाळ कशाने आजारी पडले ते शेवटपर्यंत कळले नाही. कदाचित फडके, कदाचित माठ, कदाचित बाटली, कदाचित रांगताना तोंडात घातलेले काहीतरी. पण फडकी आता दोन झाली आहेत, एक हाताला आणि एक भांड्याला, आणि दोन्ही रोज उकळत्या पाण्यातून निघून उन्हात वाळतात. माठाला लांब दांड्याचे ओगराळे आले आहे. बाटली गेली, वाटी-चमचा आला.

निघायच्या सकाळी अक्का माझ्या वाटेच्या भाकरी करीत होती. हातातून चिमटा निसटून खाली पडला. उचलून पदराला पुसायला तिने हात नेला, तो थांबला. माझ्याकडे पाहिले, भाचीकडे पाहिले आणि चिमटा सरळ गॅसच्या ज्योतीत धरला.

भाची हसत सुटली. "आई, घरच्या चिमट्याला साबणानं धुतलं तरी चालतं ग!"

"असू दे," अक्का म्हणाली. "दिसत नाही ना ते."

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच करा. हळदीचा प्रयोग घरच्या सगळ्यांना बसवून करून दाखवा, पुरुषमंडळींना आणि मुलांनाही. तुमच्याकडे लाल कुठे कुठे उमटले ते मला जरूर कळवा. निवडक पत्रे पुढे याच पानावर देईन.